माय अर्ध्या भाकरीवर हात धुते

यावल, डिसेंबर

प्रिय दिल्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घाल, पण आधी वाच. मी बरा, शुगर जिथल्या तिथं.

मायचं वजन 36 किलो झालंय. न विचारता तुझ्या ताटात चौथी भाकरी टाकणारी माय अर्धीवर हात धुते. वर्षभर मी तिच्यावर खेकसत होतो, नाटकं करते म्हणून. परवा ती म्हणाली, "बेटा, जेवानं का दम लेवाना?" मी हसलो. मग जळगावच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात, नुसता श्वास ओढण्यातच अंगातली ताकद जळते. खाणं कमी पडलं की स्नायू झिजतात, श्वासाचेसुद्धा. त्यात भरलेलं पोट खालून दाब देतं, चार घासांत धाप लागते.

आता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. आंघोळीनंतर लगेच ताट नाही, आधी अर्धा तास टेकायचं. ऑक्सिजनची नळी जेवतानाही नाकात (ती काढून ठेवायची, अन्नापुढं शोभत नाही म्हणे). वजनाच्या किलोमागं रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं. माळकरीण बाई, अंडं नाही. मग दाण्याचा कूट, मुगाच्या वरणावर तुपाची धार, दूध, केळं. केळ्यावरून जिजी भांडली, कफ होतो म्हणून. अख्खं घर केळीवर उभं राहिलं आणि आता केळं वाईट!

खरं लिहायचं ते वेगळंच. तू पुण्याहून आला होतास, डोळे चोळत स्वयंपाकघरातून बाहेर पडलास आणि म्हणालास, "मायला गॅस घेऊन दे रे." मी म्हटलं, शहाणपणा शिकवू नको, पऱ्हाट्यांवरच्या भाकरीची चव गॅसला येते का? दोन महिने बोललो नव्हतो आपण. पुढं गॅस आला, तो चहापुरता. भाकरी चुलीवरच, माझ्या जिभेसाठी. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईला डॉक्टरांनी पहिलं विचारलं, चूल किती वर्षं फुंकली? ती म्हणाली, "लगीन व्हयनं तधयपासून." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

वहिनींची बदली झाली का? पोरगी बारावीला ना, तिला सांग काका आठवण काढतो. तुझं गुडघ्याचं दुखणं वजनाचं आहे, मान्य कर.

बामणोदची वांगी आलीत. ये. मळ्यात भाजून आणू, धूर घरात नको. माय दोन घास खाईल, बाकीचं तुला वाढेल, नको म्हणू नकोस. आणि गॅसचा विषय काढू नकोस. तिला अजून वाटतं, आपलं भांडण क्रिकेटवरून झालं होतं.

तुझा,
बाळ्या