सुमीस, आठ महिन्यांनी

लेस्टर, रविवार रात्र

प्रिय सुमे,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागव, हक्क आहे तुझा. गुडघा बरा, साखर आटोक्यात.

परवा बँकेत ह्यांचं नाव खात्यावरून काढायला गेले. फॉर्मवर पहिलाच रकाना: मिस, मिसेस, मिझ. काउंटरवरची पोर हळूच म्हणाली, "आता मिझ करायचं का?" त्या 'आता'नं पोटात कालवलं गं. बाबा गेले तेव्हा आईचं 'सौ.' एका रात्रीत पुसून 'गं. भा.' आलं होतं. माझ्या लग्नपत्रिकेवर तेच छापलेलं बघून तू किती भांडलीस, "श्रीमती लिही, नाहीतर मी येत नाही!" आणि आलीच नाहीस. तेव्हा मला तो तुझा हट्ट वाटला होता.

फॉर्म तसाच घेऊन आले आणि रात्रभर वाचत बसले. सुमे, मिस आणि मिसेस दोन्ही एकाच 'मिस्ट्रेस'ची आखूड रूपं! मिस्ट्रेस म्हणजे मालकीण. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशात आधी हुकमत चालवणारी बाई, आणि त्याच शब्दाखाली रखेलसुद्धा. तेव्हा लंडनात दुकान चालवणारी बाई बिनलग्नाची असली तरी मिसेस. बड्या घरची हाउसकीपरही मिसेस, नवरा असो नसो. लग्नाची गाठ त्या शब्दाला मागाहून पडली. माझ्या गुडघ्याची सर्जन दोन लेकरांची आई, पण दारावर 'मिस'; इथल्या सर्जन बायकांची ती जुनी रीत. सासूबाई तिला स्थळ सुचवायला निघाल्या होत्या!

मिझ १९०१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्रानं सुचवलं, बाईचं लग्न झालंय की नाही ठाऊक नसलं तरी पंचाईत होऊ नये म्हणून. पुढे १९६१च्या सुमारास शीला मायकल्स नावाच्या अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्तीला ते मैत्रिणीच्या टपालावर दिसलं. आधी तिला छपाईची चूक वाटली, मग तिनं त्याचा ध्यासच घेतला. न्यूयॉर्क टाइम्सनं मात्र १९८६ उजाडेपर्यंत ते छापलं नाही.

तू मिझच म्हणशील. पण मला मिसेस सोडवत नाही. ह्यांची म्हणून एकतीस वर्षं लावलं, आता त्या दुकानदारणींसारखं माझं म्हणून लावू का? की लोक ते कुंकवासारखंच वाचणार?

नातवाचं बारसं झालं का? नाव कळव. मंजूला आशीर्वाद. फॉर्म गुरुवारी द्यायचाय, त्याआधी फोन कर. भांडलीस तरी चालेल.

तुझी,
वसू