रिडेव्हलपमेंटच्या प्लॅनमध्ये कट्टा कुठंय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईत नेरुळला आमची सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने बांधलेली, जुनी सोसायटी आहे. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, सहा बिल्डिंगा आणि मधे मोकळा चौक. आम्ही १९९१ ला इथे राहायला आलो. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला, म्हणजे पाडून नव्याने बांधायला चाललीय आणि ते व्हायलाच हवंय, कारण पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या लावाव्या लागतात, स्लॅबच्या सळ्या दिसायला लागल्यात आणि माझ्या सासूबाईंना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून दोन वर्षं झाली. त्यामुळे मी जुनं तेच ठेवा म्हणणाऱ्यांतली आहे असं कृपया कोणी समजू नये.

गेल्या महिन्यात मीटिंग झाली, पडद्यावर प्रेझेंटेशन झालं, दोन उंच टॉवर, खाली पार्किंगचे मजले, त्यावर पोडियम म्हणजे मोठी गच्ची, पोडियमवर गार्डन, जिम, सगळं छान दिसत होतं. दीड तासात सगळ्यांनी फिरून फिरून एकच प्रश्न विचारला, कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, किती वाढवून मिळणार. मीही तोच विचारला. रात्री भांडी घासताना एकदम लक्षात आलं की त्या अख्ख्या प्लॅनमध्ये आमचा कट्टा कुठेच नव्हता.

हा कट्टा म्हणजे काय ते सांगते. तीन नंबर आणि चार नंबरच्या मधे, पाण्याच्या टाकीला लागून, बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा एक लांब ओटा आहे, गुडघ्याएवढा उंच. प्लास्टर निघालं तेव्हा कोणीतरी आपल्या किचनच्या उरलेल्या शहाबादी फरश्या आणून त्यावर बसवल्या, त्यामुळे एका टोकाला तो काळा आहे आणि दुसऱ्या टोकाला नुसता सिमेंटचा. सकाळी तिथे दूधवाल्याचा हिशोब होतो, दुपारी बायका भाजी निवडतात, संध्याकाळी पोरांच्या सायकली टेकवलेल्या असतात, एकादशीला भजन तिथेच. मुद्दाम कोणी ठरवून तिथे जात नाही, पण गेटमधून कुठल्याही बिल्डिंगला जायचं तर कट्ट्यावरूनच जावं लागतं आणि सगळी गंमत तिथेच आहे.

२०१९ च्या मे महिन्यात माझे मिस्टर भर दुपारी ऑफिसातून लवकर घरी आले. मी शाळेत होते. कट्ट्यावर तीन नंबरमधल्या वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांनी पाहिलं की हे रोजच्यासारखे न थांबता भिंतीला हात लावत चाललेत आणि शर्ट घामाने पार भिजलाय. त्या मेथी तशीच टाकून उठल्या, वरून मुलाला हाक मारली आणि दहा मिनिटांत रिक्षात घालून यांना हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा निवडलेली मेथी कोणीतरी पिशवीत भरून आमच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवली होती. वहिनी त्या दिवशी तिथे का होत्या तर तिथे सावली होती, दुपारी खाडीकडून वारा येतो तो त्याच फटीतून येतो आणि बसल्याजागी आपलं दार दिसतं, बस एवढंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा जागा घराच्या एरियात मोजल्या जात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी कोणी भांडत नाही. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या रेराच्या २०१६ च्या कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे तिच्यात बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची धरत नाहीत. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून ते योग्यच आहे, पण त्यामुळे झालंय असं की आपण सगळे फक्त त्या एका आकड्याकडे बघायला लागलोय, आणि घराचा जो भाग बाहेरच्या माणसांशी बोलतो, पडवी, ओटा, गॅलरी, जिन्याचा मोठा लँडिंग, तो हिशोबातून गळाला.

खरं तर याचं उत्तर आपल्या नवी मुंबईतच आहे, नेरुळपासून दोन स्टेशनांवर. बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात डिझाइन केली. हे तेच कोरिया, ज्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत १९६५ च्या सुमारास मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवा ही कल्पना मांडली आणि सिडको निघाल्यावर सुरुवातीची काही वर्षं तिचे चीफ आर्किटेक्ट होते. तिथे साधारण सहा हेक्टरात साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय केली, तीही टॉवर न बांधता. रचना अगदी साधी आहे, सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण सुमारे आठ मीटर बाय आठ. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरं, त्यांच्या मधे बारा बाय बाराचं मोठं अंगण, आणि असं करत करत मोकळी जागा वाढत मधल्या ओढ्यापर्यंत उतरत जाते. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे गरीब आणि बऱ्यापैकी कमावणारा यांच्या जागेत फार फरक नाही. घरं सुटी सुटी ठेवली, कारण माणूस पैसे हातात आले की घर वाढवणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

माझी आत्या तिथे राहायची, लहानपणी माझ्या मुलांच्या सुट्ट्या तिथेच जायच्या. आज गेलात तर मूळची उतरत्या कौलांची घरं थोडीच उरलीत, बाकीच्यांनी पाडून आपापले दोन-तीन मजली बंगले बांधलेत, कोणी ग्रॅनाइट लावलंय, कोणी जिना बाहेरून काढलाय. फोटो काढायला येणारे आर्किटेक्चरचे विद्यार्थी बघून हळहळतात. मला तसं वाटत नाही. घरं बदलली पण अंगणं कोणी खाल्ली नाहीत, तुळस तिथेच आहे, पोरं तिथेच खेळतात, पापड तिथेच वाळतात. चाळीस वर्षांत जागेला एवढा भाव आला तरी सात घरांनी मिळून ते अंगण सांभाळलं, कारण ते सगळ्यांच्या दारासमोर होतं आणि सात घरांना एकमेकांची नावं माहीत होती. सत्तर घरांमधे तेच अंगण असतं तर ते कोणाचंच झालं नसतं आणि एव्हाना तिथे गाड्या लागल्या असत्या.

इंदूरला अरण्य वसाहतीत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी हेच वेगळ्या पद्धतीने केलं. दोशी आपल्या पुण्याचेच, २०१८ मध्ये त्यांना आर्किटेक्चरमधला मोठा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, लोकांना जोतं आणि संडास-बाथरूमचा गाभा बांधून दिला, पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभारलं. मात्र घर आणि रस्ता यांच्या मधे ओटा असणार हे नमुन्याच्या घरांतून दाखवून दिलं. कमी उत्पन्नाच्या लोकांच्या वसाहतीत ओटा परवडतो, मग आपल्या कोट्यवधींच्या टॉवरात का परवडत नाही?

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं, आमच्या शेजारी करावे गाव आहे. माझी एक विद्यार्थिनी तिथली, आगरी कुटुंब, तिच्या हळदीला गेले होते. जुनं घर, पुढे खोल पडवी, छप्पर इतकं खाली आलेलं की पाऊस कितीही तिरका आला तरी उंबरा कोरडा. पडवीत म्हाताऱ्या बायका बसून गाणी म्हणत होत्या आणि समोरच्या अंगणात मांडव, अख्खं गाव त्यात मावत होतं. ते घर कोणी आर्किटेक्टने काढलेलं नव्हतं, पण पाऊस कुठून येतो, मासळी कुठे निवडायची, मांडव कुठे पडणार, हे बांधणाऱ्याला माहीत होतं. याच गावांच्या जमिनी घेऊन आपलं शहर उभं राहिलं, त्या जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात १९८४ ला उरण भागात पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. त्यांच्या जमिनीवर घर बांधताना निदान त्यांच्या घरांकडे बघून काही शिकावं की नाही?

याउलट माझी बहीण ठाण्याला घोडबंदर रोडला चोविसाव्या मजल्यावर राहते. घर सुंदर आहे, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. पण पश्चिमेला अख्खी सरकती काच, वर छज्जा नाही, त्यामुळे पावसाळ्यात खिडकी उघडली की पाणी आत आणि उन्हाळ्यात दुपारपासून एसी. कपडे हॉलमध्ये स्टँडवर वाळतात. ती माणसं वाईट नाहीत, बहिणीच्या मजल्यावर तर फार चांगली कुटुंबं आहेत, पण पार्किंगमधून थेट लिफ्ट आणि लिफ्टमधून थेट दार, वाटेत थांबायला काही कारणच ठेवलेलं नाही. पोडियमवरच्या गार्डनला जायचं तर मुद्दाम जावं लागतं, आणि मुद्दाम जायला वेळ कोणाला आहे? चार वर्षांत तिला समोरच्या घराचं फक्त आडनाव माहीत झालंय.

जागा ओळखून बांधलं की काय होतं याचं अजून एक उदाहरण म्हणजे आपले होल्डिंग पाँड. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून भरतीच्या वेळी खाडीकडची दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी या तळ्यांत थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. काम पुराचं, पण नेरुळच्या तळ्याकाठी आज सकाळी किती माणसं चालतात, बसतात, ओळखी करतात ते बघा.

आता नेरुळ, वाशी, सानपाडा, तिकडे ठाण्यात नौपाडा, सगळीकडे एकदमच रिडेव्हलपमेंट चाललीय. पुढची पन्नास वर्षं आपण कसं राहणार हे या दोन-चार वर्षांच्या मीटिंगांमध्ये ठरतंय, म्हणून हे पत्र. माझी सगळ्या सोसायट्यांना विनंती आहे की टेंडर काढायच्या आधी, पीएमसी म्हणजे प्रोजेक्टचा सल्लागार नेमतानाच, आपली माणसं रोज कुठे बसतात ते नकाशावर मार्क करून द्या. सभासदांना लेखी सूचना देता येतात, त्या द्या. पाच-सहा मजल्यांना मिळून एक उघडी गॅलरी मागा, जिथे लिफ्टमधून उतरल्यावर वारा लागेल आणि चार खुर्च्या मावतील. गेटपासून लिफ्टपर्यंतची वाट जमिनीवर ठेवा आणि तिच्या कडेला सावलीत बसायला जागा मागा. खिडक्यांवर छज्जे मागा. यासाठी पाच-दहा फूट कार्पेट कमी मिळालं तरी मला चालेल, हे मी आमच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगणार आहे. आणि आपल्या दैनिकाने कुठल्या प्रोजेक्टमध्ये किती मजले याच्या बातम्या देताना खाली बसायला जागा आहे का हेही विचारावं.

काल संध्याकाळी मी आणि त्या वहिनी टेप घेऊन खाली उतरलो. कट्टा बावीस फूट लांब, अडीच फूट रुंद, साडेचारनंतर पूर्ण सावलीत, बदामाचा बुंधा टाकीपासून सहा फुटांवर. माप घेताना आणखी तिघी येऊन बसल्या. ते सगळं कागदावर लिहून, खाली अकरा जणींच्या सह्या घेऊन मी सेक्रेटरींकडे दिलंय. मीटिंग रविवारी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नेरुळ, नवी मुंबई