खालच्या मजल्यावरच्या काका-काकूंना अनावृत पत्र

आदरणीय काका आणि काकू,

सादर नमस्कार.

जिन्यात दोनदा आभार मानायला गेले आणि दोन्ही वेळा काकांनी "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय चहावर नेला. म्हणून आता लिहूनच देते. अनावृत लिहितेय, कारण पावसाळ्यात पाळलेल्या गिनी पिगचं अंथरूण कोरडं ठेवायची अडचण कोल्हापुरातल्या आणखी घरांत असणार, आणि तुम्ही मला जे दाखवलंत ते कुठल्याही दुकानात मला कुणी सांगितलं नव्हतं.

जुलैतले ते दिवस आठवत असतील. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघितल्याशिवाय सकाळचा चहा होत नव्हता, पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला कधी लागतंय याचीच चर्चा. घरात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. आणि आमच्या लेकीचे तीळ आणि गूळ, संक्रांतीला घरी आलेले दोन गिनी पिग, ओल्या अंथरुणावर बसून होते.

मी काही हयगय करत नव्हते. आधी रद्दी अंथरली. वर्तमानपत्राचा कागद थोडंसं शोषतो, पण वरून ओलाच राहतो आणि तासाभरात त्याचा लगदा होतो. मग टिंबर मार्केटमधून लाकडाचा भुसा आणला. त्याची बारीक धूळ उडायची आणि गूळ सारखा शिंकायचा. शिवाय पोत्यात कुठल्या लाकडाचा भुसा आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पाईन, देवदार यांचा वास आपल्याला छान वाटतो, पण न वाळवलेल्या लाकडातला तोच वास या प्राण्यांच्या श्वासाला त्रास देतो. कुणीतरी म्हणालं, कारखान्यावरून उसाचं चिपाड आण, फुकट मिळतंय. तेव्हा काका, तुम्हीच मला थांबवलंत. चिपाडात साखरेचा अंश असतो, ओल लागली की बुरशी धरते, आणि बुरशी लागलेल्या चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या, धुळीनं कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असं नावच आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. माणसाच्या छातीला जे सोसत नाही ते या किलोभराच्या जीवांना कसं सोसणार?

शेवटी फ्लीसचं ब्लँकेट घेतलं. मऊ, धुता येणारं. वाटलं, सुटले. दोन दिवसांत तिळाचे तळवे लाल झाले.

ज्यांनी गिनी पिग हातात घेऊन बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते: त्यांच्या तळव्यांवर केस नसतात, नुसती उघडी कातडी असते. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं की अजून फुटलेलं नाही, पण ओल अशीच राहिली तर कातडी फुटेल, जंतू आत शिरतील आणि दुखणं हाडापर्यंत जाऊ शकतं. दुसरी काळजी वासाची. मूत्र साचलं की त्यातून अमोनिया सुटतो. आपल्याला उभ्यानं वास येतो तोवर त्यांनी तो कितीतरी वेळ ओढलेला असतो, कारण त्यांचं नाक अंथरुणापासून दोन बोटांवर. मी दिवसातून तीनदा ब्लँकेट बदलत होते. वरचं कापड दिसायला कोरडं आणि पाय टाकला की ओलं, हे कोडं मला सुटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी गच्चीवरच्या पत्र्याखाली तेच ब्लँकेट पिळत होते आणि काका वर आलात. तुम्ही कापड दोन बोटांत धरलंत, मागची बाजू बघितलीत आणि चमचाभर पाणी मागवलंत. पाणी वर टाकलं तर थेंब तसाच उभा! अळवाच्या पानावर राहतो तसा. तुम्ही म्हणालात, "पोरी, ह्या कापडाला अजून पाणी माहीतच नाही."

इचलकरंजीच्या कापड प्रोसेसच्या कारखान्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनाच हे एका थेंबावरून कळणार. नव्या कापडावर कारखान्यातलं फिनिश असतं, आणि मी वर दर धुण्याला कपडे मऊ करणारं ते सुगंधी लिक्विड घालत होते. त्याचा थर धाग्यावर बसतो, पाणी आत शिरत नाही, वरच पसरतं. तिळाच्या पायाखाली मीच तो थर रोज नव्यानं घालत होते. तुम्ही सांगितलंत तसं तेच ब्लँकेट नुसत्या साबणाच्या पावडरीनं गरम पाण्यात चार वेळा धुतलं, लिक्विड बंद केलं, शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घातला. पाचव्या दिवशी तुमच्यासमोर पुन्हा चमचाभर पाणी टाकलं. डोळ्यांदेखत खाली उतरलं. वरून हात फिरवला तर कोरडं.

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय. "पायाखालचं कापड पिणारं नको, जाऊ देणारं पाहिजे. पिणारं त्याच्या खाली." समईतल्या वातीचं उदाहरण दिलंत: वात तेल ओढते, पण पुढे देत राहते, स्वतःजवळ साठवत नाही. आणि लेकीला आकडे सांगितलेत, ते तिनं शाळेतही सांगितले. साध्या हवेत वाळलेलं सुती कापडसुद्धा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून बसतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. फ्लीस पॉलिएस्टरचं, म्हणून ते वर. सुती खाली. मी इतके दिवस जास्तीत जास्त शोषणारं एकच काहीतरी शोधत होते. असं एक काही नसतंच, दोन थर लागतात, हे मला कुणी म्हणालं नव्हतं.

खालच्या थरासाठी मी नवे टॉवेल आणायला निघाले होते. तेव्हा काकू, तुम्ही आतून वाकळ घेऊन आलात.

जुन्या सुती लुगड्यांची आणि धोतरांची, हातानं दोरे घातलेली, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेली. मी नको नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, ह्याच्यातली खळ कधीच गेलीय, नवा टॉवेल काय पिणार ह्याच्यापुढं. आणि कात्री लावलीत. आपल्या हातची वाकळ आपल्याच हातानं कापणं सोपं नसतं, हे मला त्या वेळी तुमच्याकडे बघून कळत होतं. त्याचेच आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, बाकीच्याचे मानता येतील.

कापण्यातही तुमची समज होती. अख्खी जाड वाकळ पावसाळ्यात वाळलीच नसती. म्हणून तुम्ही थर सोडवलेत आणि तीन-तीन पदरांचे पातळ तुकडे केलेत, एकावर एक दोन ठेवायचे. ते पंख्याखाली रात्रीत वाळतात. प्रत्येक तुकड्याची कड दुमडून शिवलीत, कारण सुटा दोरा नखात किंवा पायात गुंतला तर पाय सुजतो, आणि हे दोघं दिसेल ते कुरतडतात. शिवाय जिथं ते जास्त बसतात त्या कोपऱ्यासाठी दोन छोटे चौकोन वेगळे. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखे, म्हणालात. सगळं अंथरूण न काढता तेवढेच सकाळ-संध्याकाळ बदलायचे. लेंड्या रोज ब्रश-सुपलीनं झाडायच्या, आणि पूर्ण अंथरूण तिसऱ्या दिवशी. हेच आजही चाललंय.

एक गोष्ट तुमच्यामुळे नंतर लक्षात आली. धुताना तुकड्यांवर पांढरी पूड दिसायची, ती काकूंनी मला दाखवली होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मूत्रातलं कॅल्शियम. मी स्वस्त आणि ताजा मिळतो म्हणून रोज लसूण घास हा हिरवा चारा घालत होते. वाढत्या पिल्लांना तो चालतो, पण मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. आता मुख्य खाणं सुकं गवत, सोबत कोथिंबीर आणि ढबू मिरची, कारण त्यांच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि जखम भरायला ते लागतंच. पूड बरीच कमी झालीय. राहते ती व्हिनेगरनं निघते.

तिळाचे तळवे तीन आठवड्यांत पुन्हा गुलाबी झाले. गूळ शिंकायचा थांबला. मी अजूनही रोज रात्री अंथरुणावर कोरडा कागदी रुमाल ठेवून मूठ दाबते आणि दहापर्यंत मोजते, काकांनी शिकवलं तसं. रुमाल ओला झाला की खालचा तुकडा बदलायची वेळ झाली.

काकू, तुमची मोठी सुई आणि दोऱ्याचं रीळ माझ्याकडेच राहिलंय. रविवारी घेऊन येते. येताना दोघांनाही टोपलीतून आणते, तुम्हाला त्यांचे पाय बघायचे होते ना.

तुमची,
वरच्या मजल्यावरची
राजारामपुरी, कोल्हापूर