कातडं आधी हातात घेऊन बघायला शिकवलंत, मामा

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला जे शिकवलंत ते चार लोकांना सांग, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून हे आभाराचं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव मात्र घालू नको म्हणालात, तेही पाळते. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला चप्पल-बूट दुरुस्तीच्या पत्र्याच्या गटई स्टॉलमध्ये बसणारे मामा, एवढीच ओळख देते.

कळव्यात आमच्या बचत गटाने चामड्याची पाकिटं, पट्टे आणि खांद्याच्या बॅगा करायला घेतल्या, तेव्हा माहितीचा तुटवडा नव्हता. मोबाइलवर हवे तेवढे व्हिडिओ, आणि प्रत्येकात अवजारांची लांबलचक यादी. त्यातलं आधी काय घ्यायचं, कुठल्या कातड्याला कुठली रीत चालते आणि एखादी गोष्ट का करायची, हे आपल्या भाषेत समजावणारं कुणी भेटत नव्हतं. तुम्ही भेटलात. दुपारी गिऱ्हाइकं कमी असतात त्या वेळात आम्हाला बसवून घेतलंत आणि प्रत्येक प्रश्नाला कारणासकट उत्तर दिलंत. त्या कारणांसाठी मी तुमची ऋणी आहे.

सुरुवात तुम्ही कातड्यापासून केलीत. झाडाच्या सालीत कमावलेलं आणि क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात, कमावलेलं, हे दोन वेगळे माल आहेत आणि नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी हा फरक न बघितल्यामुळे येतात, असं तुमचं म्हणणं. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडं मुरायला आठवडे जातात. कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात सालीचं पाणी भरून ती टांगायची आणि ते पाणी कातड्यातून हळूहळू पाझरू द्यायचं, ही तुमच्या वडिलांनी केलेली पद्धत तुम्ही सांगितलीत. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच वाटेने येतं. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्याकडच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. क्रोममध्ये हेच काम दिवस-दोन दिवसांत उरकतं आणि चामडं मऊ, उष्णतेला टिकणारं निघतं.

फरक कळतो तो काम करताना. सालीचं चामडं ओलसर करून त्यावर ठसा उमटवता येतो, त्याची कड घासून चकचकीत होते. क्रोमच्या चामड्यावर ठसा बसला तरी टिकत नाही, आणि कड कितीही घासली तरी केसाळच राहते. तिथे कडेला रंगाचे थर द्यायचे किंवा कड दुमडून शिवायची. दुकानदार काय म्हणतो त्यावर न थांबता ओळखायचं कसं, तेही तुम्ही दाखवलंत. कापलेल्या कडेकडे बघायचं: क्रोमच्या चामड्यात आतून पुष्कळदा निळसर राखाडी पट्टी दिसते. पाण्याचा थेंब टाकायचा: सालीचं चामडं तो पिऊन गडद होतं. अगदीच शंका असेल तर छोटा तुकडा जाळायचा: क्रोमची राख हिरवट येते, आणि वितळून प्लॅस्टिकचा वास आला तर ते चामडंच नाही.

धारावीत कातडं घ्यायला जाताना काय बघायचं, हे तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. ठाण्याहून लोकल धरून शीवला उतरायचं आणि घाई न करता दोन-चार दुकानं फिरायची. कातडं चौरस फुटावर विकलं जातं आणि त्या मापात पोटाचा ढिला भागही धरलेला असतो. म्हणून भाव ऐकण्याआधी कामाचा भाग किती आहे ते पाहायचं. गुळगुळीत बाजू आत ठेवून कातडं दुमडायचं. तिथे जाड, सैल सुरकुत्या पडल्या तर तो भाग बॅगेच्या तोंडाला किंवा पट्ट्याला घ्यायचा नाही. उलटी बाजू बघायला लोक विसरतात, तिथे सोलताना सुरीचे खोल काप गेलेले असतात आणि नेमका तिथेच पुढे माल फाटतो. म्हशीचं कातडं जाड आणि दाणेदार; त्यात नाजूक पाकीट शोधू नये, पट्टा आणि चपलेचा तळ शोधावा.

कापण्याबद्दल तुमचा नियम एकच: पट्टा पाठीच्या कण्याच्या दिशेने निघाला पाहिजे. पाठीचा भाग घट्ट विणीचा, पोटाचा सैल. पोटाकडून काढलेला पट्टा महिनाभरात ताणून लांब होतो आणि वाकडा पडतो. पाकिटाला साधारण एक मिलिमीटर जाडी पुरते, बॅगेला दोनच्या आसपास, कमरेच्या पट्ट्याला साडेतीन ते चार. माप पँटच्या आकड्यावरून घ्यायचं नाही. जुना पट्टा घेऊन बकलापाशी पट्टा जिथे दुमडतो तिथपासून वापरातल्या भोकापर्यंत मोजायचं आणि ते भोक नव्या पट्ट्यात मधलं ठेवायचं. पाच भोकं, दर दोन भोकांमध्ये अडीच सेंटिमीटर. आम्ही सुरुवातीपासून हेच माप पाळलं, आणि नौपाड्यातल्या प्रदर्शनात नेलेले पट्टे गिऱ्हाइकांना नीट बसले.

रापी, म्हणजे चामडं कापायची-तासायची सुरी. मामा, तुमच्या सगळ्या शिकवणीत मला सर्वांत मोलाची ही वाटते, म्हणून इथे थोडं थांबते. बाजारात कडा तासायचं छोटं यंत्र मिळतं, पातं बदलायच्या सुऱ्या मिळतात. तुम्ही म्हणालात, ताई, आधी एका रापीला धार लावायला शिका, मग काय विकत घ्यायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरतं, आणि घसरलं की आधी कातडं जातं, मग बोट. दगडावर धार काढून झाली की फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीला धार चकचकीत करायची हिरवी पेस्ट लावून त्यावर पातं ओढायचं, नेहमी पाठीकडून. धारेच्या दिशेने ढकललं तर पट्टीही कापली जाते आणि धारही जाते. रोज बसताना दहा-पंधरा वेळा ओढलं तर दगडाची गरज क्वचित पडते. तासणी, म्हणजे चामडं खरवडून पातळ करणं, गुळगुळीत दगडावरच करायची. आम्ही ओट्याचा उरलेला कडप्पा वापरतो. दुमड जिथे येणार तिथली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पट्टीच तासायची आणि जाडी निम्मी ठेवायची. कागदासारखं पातळ करण्याचा मोह होतो, पण पाकिटाचा सगळा ताण दुमडीवरच येतो.

आखणी बॉलपेनने नको, आरीच्या, म्हणजे भोकं पाडायच्या टोच्याच्या, टोकाने हलकी रेघ मारायची. पेनची शाई सालीच्या चामड्यातून निघत नाही. ओलं चामडं उघड्या लोखंडाला लागू द्यायचं नाही, हेही तुमचंच. सालीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की निळाकाळा डाग पडतो. ऐरणीवर कागद किंवा प्लॅस्टिक टाकायचं, आणि डाग पडलाच तर पाण्यात लिंबू पिळून पुसायचं, मग साध्या पाण्याने पुसून सावलीत वाळवायचं. गटातल्या एका ताईच्या बॅगेचं झाकण या लिंबाने वाचलं.

शिवणीत तुमची रीत आणि आमची रीत वेगळी निघाली. तुम्ही आरीच्या खाचेत दोरा अडकवून खालून फास वर ओढता, त्या फासातून दुसरं टोक काढता आणि ओढून बसवता. तुमचा वेग बघत राहावा असा. आम्ही व्हिडिओत पाहिलेली दोन सुयांची रीत धरली होती: एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना बोथट सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून. तुम्ही तिला नावं न ठेवता ती बघितलीत, स्वतः चार टाके घालून पाहिलेत आणि म्हणालात की पाकिटाला हीच बरी. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांना फक्त अडकवलेला असतो, एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी दुसरं टोक धरून ठेवतं.

मग त्यातल्या खुबीही तुम्हीच हेरल्यात. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा. दुसरी सुई घालताना पहिला दोरा भोकातून किंचित मागे ओढून धरायचा, म्हणजे सुई दोऱ्यातच घुसत नाही. दोन्ही हातांचा क्रम शेवटपर्यंत तोच ठेवायचा. मध्येच उजवी सुई आधी गेली की टाक्यांचा तिरपेपणा तिथेच बदलतो आणि दुरूनही दिसतो. ओढताना दोन्हीकडे सारखा जोर. शिवण कडेपासून तीन मिलिमीटर आत, टाका तीन-चार मिलिमीटरचा. पातळ चामड्याला भोकं फार जवळ पाडली तर ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवरच फाटतं. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालायचे. पॉलिएस्टरचा दोरा असेल तर टोक लायटरने वितळवून दाबायचं.

चिकटवायच्या सोल्युशनचं थोडक्यात लिहिते. दोन्ही बाजूंना पातळ थर, गुळगुळीत बाजू आधी खरवडलेली, आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. घाईत ओलं असतानाच दाबलं तर ते धरत नाही. खिडकी उघडी ठेवायची, कड घासताना तोंडाला मास्क लावायचा. छोट्या खोलीत काम करणाऱ्या बायकांनी हे दोन्ही टाळू नये.

कडेला मात्र वेळ द्यायचा, कारण गिऱ्हाईक अंगठा आधी तिथेच फिरवतं. थर सारखे करून घ्यायचे, वरचा-खालचा कोपरा काढायचा, चारशे नंबरच्या पॉलिशपेपरने घासायचं, मग बोटाने थोडंसं पाणी लावून सागाच्या गोल दांड्याने गरम होईस्तोवर घासायचं. पाणी जास्त झालं की कड फुगून पसरते. शेवटी मेण. रंग द्यायचा असेल तर तेल-मेणाच्या आधी, कारण तेल प्यालेलं चामडं रंग सारखा घेत नाही. तेलही चिंधीने पुसटसंच. भरपूर तेल पाजलेला पट्टा लुळा पडतो.

आणि आपला पाऊस. परदेशी व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की बुरशी आलीच. सुती कापडात किंवा कागदात गुंडाळायचं, भिंतीपासून लांब ठेवायचं, अधूनमधून उघडून वारा द्यायचा. भिजलेलं चामडं उन्हात किंवा इस्त्रीने वाळवायचं नाही, ते आक्रसून कडक होतं. बकलांना चुंबक लावून बघायचं. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजून चामड्यावर उतरेल. महाग असलं तरी पितळ घ्या, या तुमच्या सल्ल्यामुळे आमचा माल परत येत नाही.

मामा, आता एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. हे ज्ञान तुमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आणि त्याच कामावरून त्याला हलकं लेखलं गेलं. माझी आजी सांगायची, तिच्या घरी चामड्याला हात लागला तर आंघोळ करायला लावत. अशा घरातून आलेल्या मुलीला शिकवताना तुम्ही हातचं काही राखलं नाहीत. आज याच कामाच्या कार्यशाळा शहरात भरतात, लोक आनंदाने फी देतात. शिकवणाऱ्यांत स्टेशनजवळचा गटई कामगार मात्र जवळजवळ कधीच नसतो. संत रोहिदासांच्या नावाचं चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे, सरकारी योजनेतून पत्र्याचे स्टॉलही मिळतात. त्या स्टॉलमध्ये बसलेल्या माणसाला कारागीर म्हणून मानाने, मोबदला देऊन शिकवायला बोलावणं हे आपण बाकीच्यांचं काम आहे, आणि ते आपण केलेलं नाही.

आमच्या गटाने ते करायचं ठरवलं आहे. खारेगावात नव्या बायकांची तुकडी सुरू होते आहे आणि तिला तुम्ही शिकवावं अशी आमची विनंती आहे. मानधन तुम्ही सांगाल ते, वेळ तुमच्या सोयीची. ऐरण आणि कडप्पा आमच्याकडे आहे, पंच आणि सुयाही आहेत. तुमची रापी तेवढी आणा. तिला धार कशी लावता ते सगळ्यांना समोर बसून बघायचं आहे.

आपली नम्र,
कळव्याच्या बचत गटातली तुमची विद्यार्थिनी