व्हॅन स्वस्तात करा, लसीत काटकसर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे-नवी मुंबईतून ईकोसारख्या व्हॅनमध्ये प्लायचा सुटा पलंग टाकून, घरच्या कुत्र्या-मांजरासकट माळशेज, भंडारदरा नाहीतर थेट कोकण गाठणारी मंडळी आता बरीच दिसतात. हॉटेलात कुत्रा चालत नाही, बोर्डिंगचे पैसे दिवसावर मोजावे लागतात, म्हणून हा बेत परवडतो. पण पैसे वाचवायचे म्हटले की कात्री पहिली दवाखान्याच्या खर्चाला लागते. ‘जाऊन आल्यावर लस देऊ’ हे उत्तर मे महिन्यात कुठल्याही पशुवैद्याला नवे नाही.

दवाखान्याचे काम निघण्याच्या निदान चार आठवडे आधी उरकावे. रेबीजची लस पहिल्यांदाच दिली असेल, किंवा मध्ये मोठा खंड पडला असेल, तर तिच्यावर भरवसा ठेवायला 21 दिवस जाऊ द्यावे लागतात. अनेक रोगांवरच्या एकत्रित ‘नाइन-इन-वन’ लशीतला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगावरचा) भाग तर वर्षभराच्या पुढे टिकतो असे धरताच येत नाही. तो चुकला असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दोन डोस घ्यावे लागतात. लेप्टो उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो, आणि पावसाळी सहलीत कुत्रा नेमका भातखाचरात लोळतो आणि डबक्यातलेच पाणी पितो. कार्डावर कुपीचे स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. नुसता शिक्का आणि सही चौकीवर किंवा दुसऱ्या डॉक्टरांपुढे फारशी कामाची नाही. महापालिकेचा श्वान परवानाही त्याच फाइलमध्ये असू द्या.

जंताचे औषध मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी द्यायचे. नेहमीच्या मिश्र गोळीचे प्रमाण दर 10 किलोला एक असे असते, तरी पाकिटावर पाहून घ्यावे. ‘अंदाजे अर्धी’ देण्याऐवजी त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. त्याला दमडीचा खर्च नाही.

खरी डोकेदुखी गोचिडाची. आपल्याकडची कुत्र्यावरची गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच, फटींमध्ये असते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, पलंगाच्या सांध्यात, सीटच्या शिवणीत, रबर मॅटखाली हजारांनी अंडी घालते, आणि पिल्ले उपाशीपोटीही बराच काळ तग धरतात. भाड्याच्या गाडीत तर आधी कोणाचा कुत्रा बसला होता हे कळायला मार्गच नसतो. म्हणून निघण्यापूर्वी आणि परतल्यावर प्लाय काढून सांध्यांतून आणि शिवणींतून व्हॅक्यूम फिरवा, आणि त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका.

अंगावर टाकायचे फिप्रोनिल या गोचीडनाशकाचे थेंब मानेमागे केस बाजूला सारून थेट कातडीवर पडले पाहिजेत, आणि त्याच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. आंघोळ घालून, चकाचक करून लगेच थेंब टाकणे ही हमखास दिसणारी चूक. दुसरी चूक म्हणजे मोठ्या कुत्र्याची पिपेट (थेंबांची छोटी नळी) दोन लहान कुत्र्यांत वाटणे. कोणाला किती गेले याचा पत्ता लागत नाही. कुत्र्याचे उरलेले औषध मांजराला तर चुकूनही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर आचके देत मरू शकते.

फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, काखा आणि पट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपा. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, उदबत्ती, चुना काहीही नको. पुढचे तीन आठवडे लक्ष असू द्या. खाणे सुटले, ताप आला, हिरड्या फिकट पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी रक्त तपासून प्लेटलेट पाहायच्या. गोचीड तापाचा एर्लिकिया हा प्रकार वेळेत कळला तर डॉक्सिसायक्लिनच्या सुमारे चार आठवड्यांच्या गोळ्यांवर सहसा भागतो. उशीर झाला तर सलाईन आणि रक्त चढवण्यापर्यंत मजल जाते, आणि सहलीत वाचवलेले सगळे तिथे जाते.

उन्हाबद्दल थोडक्यात. बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे 10 अंश सेल्सिअसने चढते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. ते 104 च्या वर गेले, धाप थांबेना, तोल जाऊ लागला, तर सावलीत नेऊन साधे पाणी ओता, पंखा लावा, 103 ला आले की ओतणे थांबवा आणि दवाखाना गाठा. 20 किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला लिटरभर पाणी लागते, उन्हात दुप्पट धरा. 12 व्होल्टचा 20 वॅटचा पंखा आठ तास चालवायला 160 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीचे साधारण 13 अँपिअर-तास लागतात. त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी घ्या, गाडीची मूळ बॅटरी वापरू नका. पलंग सुटाच असू द्या. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. कसारा घाटाच्या वळणांपूर्वी तीन-चार तास खाणे नको, नाहीतर ते पलंगावर येणारच.

येऊर काय किंवा जुन्नर काय, हा सगळा बिबट्याचा मुलूख आहे. रात्री कुत्र्याला व्हॅनबाहेर बांधणे म्हणजे बिबट्याला आमिष लावणे.

आता शासनाकडे एक मागणी. शहर सोडले की आधार असतो तो सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा. त्यातल्या श्रेणी-1 मध्ये पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, तर श्रेणी-2 चा कारभार आजवर बहुतेक ठिकाणी पदवीधर डॉक्टर नसलेला पशुधन पर्यवेक्षक पाहत आला. धाप लागलेला कुत्रा घेऊन श्रेणी-2 च्या दारात गेलात, तर तिथला पर्यवेक्षक नाइलाजाने पुढचाच रस्ता दाखवतो. 1962 या टोल-फ्री क्रमांकावरची फिरती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आखलेली आहे. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आता त्यात एवढी भर घालावी: माळशेज आणि भंडारदरा येथील पर्यटक निवासांच्या दारात जवळच्या श्रेणी-1 दवाखान्याचे नाव, वेळ, अंतर आणि दूरध्वनी यांचा फलक लावावा. मुरबाड, शहापूर आणि अकोले तालुक्यांपासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक पशुवैद्यक, ठाणे