केस झाली, पुढे काय?

संपादक साहेब,
मी नववी-दहावीला शिकवते. गेल्या वर्षी वर्गातली एक बडबडी मुलगी अचानक गप्प झाली, मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली, मागून हाक मारली तरी दचकायची, आणि आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो वयच आहे तसं. नंतर कळलं, घरातल्याच माणसाचा त्रास, तोही पाचवीपासून. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, केस झाली, व्हायलाच हवी होती, पण तिला रात्र रात्र झोप नाही, आपलंच चुकलं असं वाटतं, मनगटावर ब्लेडचे वण, त्याचं काय? आईला जो तो सांगतो, विषय काढू नका, विसरेल ती. कशी विसरेल हो? ट्रॉमासाठी, म्हणजे मनावर बसलेल्या अशा धक्क्यासाठी, खास सीबीटी थेरपी असते, बोलून विचार आणि वागणं सावरायला मदत करणारी, साधारण 12 ते 16 सेशन, घाई न करता मूल हळूहळू स्वतःच्या शब्दांत सांगायला लागतं, आणि त्यात आईलाही सोबत घेतात. पण तालुक्याला काउन्सेलर आहेच कुठे? 2020 च्या पोक्सो नियमांत सपोर्ट पर्सनची, म्हणजे केस चालू असताना मुलाला सोबत आणि आधार देणाऱ्या व्यक्तीची, तरतूद आहे, आमच्याकडे त्या बाई एकदाच आल्या, सही घेऊन गेल्या. निदान मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हे नंबर तरी शाळेच्या नोटीस बोर्डावर लावा, आमच्या बोर्डावर सध्या फीच्या तारखा आहेत.

— एक शिक्षिका