यादीतून फिट्झरॉय गळला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सुवर्णकाळांवर अर्धं पान आलं, त्याबद्दल आधी आभार. मराठी वर्तमानपत्रात या खेळाला एवढी जागा मिळालेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. दोन गोष्टी मात्र खटकल्या.

एक किरकोळ. फोटोखाली 'रग्बीचा थरार' असं छापलं आहे. चेंडू लंबगोल असला म्हणून काही तो रग्बी होत नाही. इथे मैदान क्रिकेटचं, एका बाजूला अठरा जण, ऑफसाइड हा प्रकारच नाही. चेंडू हाताने फेकला तर फाउल. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने पार केला तर गोल, म्हणजे सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. झालं.

दुसरी गोष्ट मोठी. लेखकाने काळ मोजले ते जेतेपदांवरून. कॉलिंगवूड 1927 ते 1930, मेलबर्न 1955 ते 1964, मग हॉथॉर्नचं ऐंशीचं दशक, शेवटी ब्रिस्बेन 2001 ते 2003. आकडा एकही चुकलेला नाही. पण हा खेळ ज्यांनी कुडकुडत उभं राहून पाहिला, त्यांना विचाराल तर ते वेगळीच वर्षं सांगतील.

मी परळचा. 1979 साली नोकरीनिमित्त मेलबर्नला आलो आणि फिट्झरॉय या उपनगरात भाड्याने राहिलो. शेजारच्या म्हातारबाबांनी माझं नाव विचारायच्या आधी 'तू कुठल्या टीमचा?' असं विचारलं. मी गप्प. त्यावर त्यांनीच निकाल लावून टाकला: इथे राहतोस, तर फिट्झरॉयचा. मला हे लगेच पटलं, कारण आमच्याकडे कबड्डीतही असंच असायचं. कॉलिंगवूड, रिचमंड, फिट्झरॉय ही सगळी कारखान्यांची, कामगारांची वस्ती, एकमेकांना खेटून. 1925 पासून लीगमध्ये बारा संघ होते. जीलाँग सोडलं तर सगळे मेलबर्न शहरातले. सामना संपल्याचा भोंगा वाजला की मला हमखास गिरणी आठवायची.

आता त्या यादीकडे वळतो. कॉलिंगवूडच्या चार सलग जेतेपदांना इथे 'मशीन' म्हणतात. प्रशिक्षक जॉक मॅकहेल, गोल ठोकायला गॉर्डन कव्हेंट्री, आणि 1929 मध्ये तर साखळीतले अठराच्या अठरा सामने जिंकलेले. चार सलग पुन्हा कुणालाच जमलेली नाहीत. पण खरी गंमत 1958 ची आहे. प्रशिक्षक नॉर्म स्मिथचा मेलबर्न संघ तीन जिंकून चौथ्याला उभा होता आणि अंतिम सामन्यात समोर आलं तेच कॉलिंगवूड. ताकदीने ते कमीच होते. पण आजोबांचा विक्रम मोडू द्यायचा नाही, एवढ्या एका हट्टाने त्यांनी चिखलात धक्काबुक्की करून मेलबर्नच्या खेळाडूंची डोकी फिरवली आणि 18 गुणांनी सामना मारला.

त्यानंतर कॉलिंगवूड 32 वर्षं जिंकलंच नाही. अंतिम सामने मात्र गाठत राहिलं आणि हरत राहिलं! 1966 मध्ये सेंट किल्डाकडून एका गुणाने. सेंट किल्डाचं आजवरचं एकमेव जेतेपद ते. 1970 मध्ये मध्यंतराला 44 गुणांनी पुढे असताना कार्लटनकडून. त्या दिवशी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट मैदानावर, 1,21,696 माणसं होती. कार्लटनचा प्रशिक्षक रॉन बरासी याने मध्यंतरात सांगितलं म्हणे, की लाथाडणं कमी करा, मुठीने चेंडू पुढे द्या आणि पळा. राखीव म्हणून बसवलेल्या टेड हॉपकिन्सला आत पाठवलं, त्याने चार गोल केले. 1977 मध्ये बरोबरी झाली, तर पुढच्या शनिवारी पुन्हा खेळून हरले. अखेर 1990 मध्ये कप मिळाला तेव्हा माझ्या ऑफिसातला एक कॉलिंगवूडवाला सोमवारी आलाच नाही, आणि साहेबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तुमच्या यादीत कॉलिंगवूडची ही 32 वर्षं कोरी आहेत.

हॉथॉर्नचंही तसंच. सलग सात अंतिम सामने खेळले, त्यातले चार जिंकले. पण 1989 म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हरलेल्या जीलाँगचा गॅरी ॲब्लेट. एकट्याने नऊ गोल मारले आणि संघ सहा गुणांनी पडला. सुरुवातीलाच बरगड्या मोडून घेतलेला हॉथॉर्नचा ब्रेरेटन ओकत होता, पण मैदान सोडायला तयार नव्हता. मी टीव्हीवर पाहत होतो. चहा तसाच निवला.

जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. त्याच उभ्या गर्दीतून आदिवासी खेळाडूंना काय काय ऐकावं लागायचं ते मी कानांनी ऐकलंय, आणि माझ्याही रंगावर दोन-तीनदा आलं. 17 एप्रिल 1993 ला कॉलिंगवूडच्या मैदानावर, व्हिक्टोरिया पार्कवर, सेंट किल्डाच्या निकी विनमारने सामना जिंकल्यावर जर्सी वर करून स्वतःच्या कातडीवर बोट ठेवलं. त्याचा तो फोटो आता देशभर माहीत आहे. काळ मोजायचा तर त्या दिवसापासूनही मोजता येईल.

राहिला फिट्झरॉय. 1982 मध्ये, आमच्या मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षी, साउथ मेलबर्नचा संघ उचलून सिडनीला नेला. पाठोपाठ पर्थ, ब्रिस्बेन, ॲडलेड आले आणि लीगचं नाव 1990 मध्ये 'व्हिक्टोरियन'चं बदलून 'ऑस्ट्रेलियन' झालं. पैसा वाढला. फिट्झरॉयचं घरचं मैदान 1966 नंतरच सुटलं होतं. पुढची तीस वर्षं संघ पोटभाडेकरूसारखा या मैदानावरून त्या मैदानावर. जुलै 1996 मध्ये ब्रिस्बेनशी विलीनीकरण ठरलं. 25 ऑगस्टला मेलबर्नमधला शेवटचा सामना, रिचमंडविरुद्ध. म्हातारबाबा मला घेऊन गेले. थर्मासमध्ये चहा, गळ्यात लाल-निळा मफलर. 1944 चं शेवटचं जेतेपद त्यांनी पोरवयात जंक्शन ओव्हलवर पाहिलं होतं, कारण तेव्हा एमसीजी लष्कराच्या ताब्यात होतं. आम्ही 151 गुणांनी हरलो. शेवटच्या पावतासात पुढच्या रांगेतल्या रिचमंडवाल्या पोरांनी आपल्या गोलांना टाळ्या वाजवणं सोडलं. बाबांनी थर्मासचं झाकण लावलं, तीनदा घट्ट केलं, आणि म्हणाले, चल.

2001 मध्ये ब्रिस्बेन लायन्स जिंकले. त्यांच्या जर्सीवर सिंह आहे, तो फिट्झरॉयचाही होताच. मी धावत शेजारी गेलो. टीव्ही बंद होता आणि बाबा मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. 'ब्रिस्बेन जिंकलं ना?' म्हणाले. 'बरं झालं त्यांचं.'

तुमच्या यादीत त्या तीन वर्षांपुढे नुसतं 'ब्रिस्बेन' लिहिलं आहे. बाबांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, पण मग फिट्झरॉयसाठी वेगळी ओळ हवी होती.

जाता जाता, अंतिम सामना साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो. इथे दुपारी अडीचला सुरू होतो, तेव्हा तुमच्याकडे सकाळचे दहा. क्रीडा विभागातल्या कुणीतरी एकदा पाहावा, आणि फोटोओळ त्यानंतर लिहावी.

आपला,
एक जुना वाचक, मेलबर्न